प्रतीक्षेची चाळणी

बी.एड.चे वर्ग सुरू झाले की पहिल्या आठवड्यात ‘मला शिक्षक का व्हायचे आहे’ या विषयावर पानभर लिहून घेण्याची पद्धत अनेक अध्यापक महाविद्यालयांत आहे. हे लेखन वर्षानुवर्षे वाचणाऱ्या प्राध्यापकांना त्यातला साचा पाठ असतो. शाळेतल्या एखाद्या बाई किंवा सर, मुलांची आवड, समाजाचे ऋण, आणि शेवटच्या परिच्छेदात, जरा संकोचाने, स्थिर नोकरी. हे लिहिणारा विद्यार्थी खोटे बोलत नसतो. मात्र प्रवेश घेऊन झाल्यावर, मूल्यमापन करणाऱ्यांच्याच हाती द्यायच्या कागदावर माणूस जी कारणे लिहितो, त्यांतून त्या व्यवसायात कोणती कारणे प्रतिष्ठित मानली जातात एवढेच खात्रीने कळते. माणसे तिथे प्रत्यक्षात कशी पोचतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाटेत कोण गळून पडते, हे त्या पानावर उमटू शकत नाही, कारण जे गळाले त्यांनी ते पान लिहिलेलेच नसते.

पदवी आणि पदव्युत्तर वर्गातले विद्यार्थी अध्यापनाकडे का वळतात, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा हेतूंचा प्रश्न म्हणून मांडला जातो: पूर्वी ध्येयाने येत, आता नोकरीसाठी येतात. ही मांडणी सोयीची आहे, कारण तिच्यात दोष विद्यार्थ्यांच्या पिढीवर जातो आणि व्यवस्थेची रचना तपासावी लागत नाही. मला ती चुकीची वाटते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर गेल्या पंचवीस वर्षांत बदल झाला तो प्रामुख्याने हेतूंमध्ये नाही. निवड आणि नेमणूक यांच्यामधल्या अंतरात झाला आहे. हे अंतर आता इतके वाढले आहे की शिक्षक कोण होणार हे ठरवण्यात आवड, कुवत आणि आर्थिक गरज या तिन्हींपेक्षा थांबून राहण्याची ऐपत अधिक निर्णायक ठरू लागली आहे.

व्यवसायनिवडीच्या अभ्यासात ऑस्ट्रेलियातील हेलन वॉट आणि पॉल रिचर्डसन यांनी २००७ च्या सुमारास मांडलेली चौकट बरीच वापरली जाते. अध्यापनाची अंगभूत आवड, सामाजिक योगदानाची इच्छा, वैयक्तिक सोय (स्थैर्य, सुट्ट्या, घरासाठी मिळणारा वेळ), स्वतःच्या क्षमतेविषयीचा विश्वास आणि ‘दुसरे काही मिळाले नाही म्हणून’ हा शेवटचा घटक, अशी तिची साधारण विभागणी आहे. अशा पाहण्यांमध्ये आवड आणि योगदान हे घटक सहसा वर राहतात, आणि ‘दुसरे काही मिळाले नाही’ हा तळाशी. चौकट उपयुक्त आहे, परंतु तिच्या मुळाशी एक गृहीतक आहे: निवड करणारा तरुण प्रशिक्षण पुरे करील आणि नजीकच्या काळात वर्गात उभा राहील. म्हणजे निवड ही एक घटना आहे, तिला एक दिनांक आहे. आपल्याकडे ही निवड दरवर्षी नव्याने करावी लागते. बाविसाव्या वर्षी केलेला निश्चय तेविसाव्या, पंचविसाव्या, अठ्ठाविसाव्या वर्षीही टिकवावा लागतो, आणि प्रत्येक वर्षी तो टिकवण्याची किंमत वाढत जाते. अशा परिस्थितीत ‘का निवडले’ यापेक्षा ‘कोणाला निवडून राहणे परवडले’ हा प्रश्न अधिक काही सांगतो.

हे अंतर कसे तयार झाले, ते थोडे सविस्तर पाहायला हवे.

१९८० आणि १९९० च्या दशकांत बारावीला चांगले गुण मिळवलेली ग्रामीण भागातील कितीतरी मुले-मुली डी.एड.ला जात. त्यांतील बहुतेकांचा हेतू सरळ आर्थिक होता. घरची शेती कोरडवाहू, धाकटी भावंडे शिकणारी, आणि दोन वर्षांत जिल्हा परिषदेची कायम नोकरी. आजच्या भाषेत याला ‘ध्येय’ म्हणता येणार नाही. तरीही त्या प्रवेशांमधून महाराष्ट्राला अतिशय समर्थ प्राथमिक शिक्षकांची एक पिढी मिळाली, कारण वाट आखूड होती आणि तिच्या तोंडाशीच गुणवत्तेची स्पर्धा होती. हुशार पण गरीब विद्यार्थ्याला हा मार्ग परवडत होता. आर्थिक हेतू आणि चांगले अध्यापन यांच्यात मुळात विरोध नाही, हे त्या पिढीने दाखवून दिले आहे, आणि हेतूंच्या शुद्धतेविषयीची आपली चर्चा नेमकी इथेच भरकटते.

या मार्गाची मागणी पाहून खासगी अध्यापक विद्यालये उघडू लागली आणि २००० नंतर त्यांची संख्या भरमसाट झाली. मान्यता देणारी यंत्रणा आणि राज्याची प्रत्यक्ष गरज यांचा मेळ राहिला नाही. महाराष्ट्रातील २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यातून न्या. जगदीश शरण वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला आणि २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला. देशातील स्वतंत्रपणे चालणाऱ्या दहा हजारांहून अधिक शिक्षक-प्रशिक्षण संस्थांपैकी बहुसंख्य संस्था गंभीर प्रशिक्षणाचा प्रयत्नही न करता पैसे घेऊन पदव्या देत आहेत, हा या आयोगाचा निष्कर्ष पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही आधाराला घेतला. अहवाल आला त्याच वर्षी, मे २०१२ मध्ये, राज्यात शिक्षकभरतीला खीळ बसली. पदविकाधारकांचा लोंढा सर्वांत मोठा होता त्याच वेळी दार बंद झाले.

त्यानंतर दारापुढे एकामागून एक उंबरे आले. शिक्षणहक्क कायद्यातील अर्हतेच्या तरतुदीनुसार शिक्षक पात्रता परीक्षा अनिवार्य झाली; राज्यात ती डिसेंबर २०१३ मध्ये प्रथम झाली आणि तिच्यात उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण अनेकदा एकआकडी राहिले. पुढे भरतीसाठी वेगळी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आली. पहिली चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि राज्याच्या शिक्षकभरतीसाठीच्या ‘पवित्र’ पोर्टलवरून पहिली शिफारसयादी लागायला ऑगस्ट २०१९ उजाडला. दुसरी चाचणी थेट फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये आणि तिसरी २०२५ च्या मे-जूनमध्ये झाली. या तारखा कोरड्या वाटतात, पण त्यांचा अर्थ एका उमेदवाराच्या आयुष्यात घालून पाहावा. २०१८ मध्ये बी.एड. झालेल्या मुलीला स्वतःला अजमावण्याची पहिली संधी पाच वर्षांनी मिळाली. तिची यादी लागली फेब्रुवारी २०२४ मध्ये. तोवर तिच्या वर्गमैत्रिणींपैकी कोण बँकेत लागली, कोण लग्न होऊन परगावी गेली आणि कोण खासगी शाळेत दरमहा काही हजारांवर राबत होती, हे सर्व ‘निवडी’च्या हिशेबात धरले पाहिजे.

२०२३ च्या चाचणीला सुमारे २ लाख १६ हजार उमेदवार बसले. फेब्रुवारी २०२४ च्या यादीत ११,०८५ जणांची शिफारस झाली. याच फेरीत काही हजार जागा त्या-त्या विषयाचा, माध्यमाचा किंवा प्रवर्गाचा पात्र उमेदवार न मिळाल्याने रिकाम्या राहिल्या. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या तर महाराष्ट्रात शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांची टंचाई नाही, हे उघड होते. जो विद्यार्थी गणित, विज्ञान किंवा इंग्रजीत समर्थ आहे आणि ज्याला अन्यत्रही मागणी आहे, तो या रांगेत फार काळ थांबत नाही. मराठी, इतिहास किंवा राज्यशास्त्राच्या पदवीधरापुढे पर्याय कमी, म्हणून तो थांबतो. रांगेची लांबी विषयानुसार वेगळी नसली तरी थांबण्याची किंमत विषयानुसार वेगळी असते, आणि म्हणून एकाच रांगेतून काही विषयांत अतोनात गर्दी आणि काही विषयांत टंचाई, असे दोन्ही परिणाम एकाच वेळी निघतात.

अर्थशास्त्रात प्रतिकूल निवड म्हणून जी प्रक्रिया ओळखली जाते, तिचे हे एक रूप आहे. एखाद्या व्यवहारातली अनिश्चितता वाढली की ज्यांच्यापाशी चांगले पर्याय आहेत ते आधी बाहेर पडतात. उरलेल्या समूहाचे स्वरूप बदलते. त्या समूहाकडे पाहून नियम अधिक संशयी होतात. आणि संशयी नियमांमुळे आणखी काही जण बाहेर पडतात. इथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. जे थांबतात ते सगळे कमी कुवतीचे असतात, असा याचा अर्थ मुळीच नाही. त्यांत विलक्षण चिकाटीची, अध्यापनावर मनापासून प्रेम असलेली माणसे आहेत. परंतु चिकाटी आणि प्रेम असूनही ज्यांच्या घरी पाच वर्षे पोसण्याची ताकद नाही, ती माणसे गळतात, आणि ज्यांच्या घरी शेती, दुकान किंवा जोडीदाराचा पगार आहे ती राहतात. पूर्वीच्या चाळणीतून गरीब आणि हुशार मूल वर येत होते. आताच्या चाळणीत नेमके तेच आधी खाली पडते.

प्रतीक्षा केवळ गाळत नाही, ती थांबणाऱ्यालाही बदलते. तालुक्याच्या गावातल्या कोणत्याही अभ्यासिकेत गेले तर एकाच टेबलावर तलाठी, पोलीस, वनरक्षक, राज्यसेवा आणि शिक्षकभरतीची पुस्तके शेजारी शेजारी दिसतात, पुष्कळदा एकाच विद्यार्थ्यासमोर. भरतीची चाचणी दोनशे प्रश्नांची आणि दोन तासांची, अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता या दोन भागांत विभागलेली आहे; तिची तयारी आणि इतर स्पर्धा परीक्षांची तयारी यांत फार फरक उरत नाही. त्यामुळे उमेदवाराच्या मनात अध्यापन हा ‘जिथे आधी लागेल तिथे’ या यादीतला एक पर्याय होतो. आवडीने आलेल्या मुलालाही चार वर्षे वेग-अंतर-काळाची उदाहरणे आणि सांकेतिक लिपी सोडवावी लागते. या काळात त्याने मुलांना शिकवले नाही तर त्याचे काही बिघडत नाही. शिकवले तर अभ्यासाचा वेळ जातो. बी.एड.च्या सरावपाठांमध्ये जे कौशल्य अंकुरलेले असते ते वापराविना मरते, आणि नेमणुकीच्या दिवशी वर्गात उभा राहतो तो परीक्षा देण्यात तरबेज झालेला, शिकवण्यात मात्र पाच वर्षांपूर्वीच्याही मागे गेलेला माणूस.

केंद्रीकृत चाचणीचा बचाव मजबूत आहे, आणि तो बाजूला सारून विचार करणे अप्रामाणिकपणाचे होईल. खासगी अनुदानित संस्थांमध्ये नोकरीसाठी रक्कम मोजावी लागते, हे महाराष्ट्रात उघड गुपित होते. वस्तुनिष्ठ प्रश्नांची परीक्षा आणि संगणकीय पसंतीक्रम यांनी त्या व्यवहाराला बराच आळा घातला. ज्याच्यामागे ना पैसा ना ओळख, अशा उमेदवाराला तोच एक आधार आहे. पेच असा, की भ्रष्टाचारापासून सर्वांत सुरक्षित असलेले मापन अध्यापनाच्या कुवतीपासून सर्वांत दूर आहे, आणि अध्यापनाच्या जवळ जाणारे मापन, म्हणजे प्रत्यक्ष पाठ आणि मुलाखत, हस्तक्षेपाला सर्वांत खुले आहे. शिवाय सुरक्षित समजले गेलेले मापनही पूर्ण सुरक्षित राहिले नाही. २०१९-२० च्या पात्रता परीक्षेतील गुणांच्या फेरफाराचा प्रकार पुणे सायबर पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये उघड केला आणि पुढे साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. आकड्याइतकाच त्यामागचा हिशेब गंभीर आहे. जो पैसे देऊन आत येतो तो नोकरीकडे गुंतवणूक म्हणून पाहतो. गुंतवणूक आधी वसूल व्हावी लागते, आणि ती वसूल करण्याच्या मार्गांमध्ये वर्गातली तयारी येत नाही. आणि जो प्रामाणिकपणे थांबला तो प्रत्येक बातमीगणिक स्वतःच्या प्रामाणिकपणाचे मूल्य पुन्हा मोजतो.

आता पगाराकडे. सातव्या वेतन आयोगानुसार प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून, माध्यमिकच्या प्रशिक्षित पदवीधराचे ३८,६०० पासून आणि वरिष्ठ महाविद्यालयातील सहायक प्राध्यापकाचे ५७,७०० पासून सुरू होते. ग्रामीण पदवीधराला खुल्या असलेल्या इतर कामांच्या मानाने ही वेतने निश्चितच चांगली आहेत. परंतु २००० पासून सुरू असलेल्या शिक्षणसेवक योजनेमुळे पहिली तीन वर्षे मानधनावर काढावी लागतात. हे मानधन प्राथमिकसाठी अनेक वर्षे दरमहा ६,००० रुपये होते. उच्च न्यायालयाने ते अपुरे असल्याचे म्हटल्यानंतर, जानेवारी २०२३ पासून, प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च माध्यमिक स्तरांसाठी ते अनुक्रमे १६,०००, १८,००० आणि २०,००० झाले. विनाअनुदानित आणि टप्पा अनुदानावरच्या शाळांतील शिक्षकांची स्थिती याहून बिकट आहे; वीस, चाळीस, साठ टक्के अशा टप्प्यांनी येणाऱ्या अनुदानाची वाट पाहत कित्येकांची उमेदीची वर्षे गेली.

या रचनेकडे एका बाजूने पाहिले तर कमी पगाराची समस्या दिसते, दुसऱ्या बाजूने पाहिले तर चांगल्या पगाराची. खरे म्हणजे ती बक्षिसाची रचना आहे: थोड्यांना मोठे आणि कायमचे, बहुतेकांना शून्य, आणि मध्ये लांब अनिश्चितता. अशी रचना ज्या उमेदवारांना आकर्षित करते ते कामाच्या स्वरूपापेक्षा बक्षिसाच्या कायमपणाकडे पाहतात, आणि ते स्वाभाविक आहे, कारण त्यांच्या सात-आठ वर्षांच्या गुंतवणुकीचा परतावा कायमपणातूनच येतो. रुजू झाल्यावर त्यांनी थोडे सैल व्हावे, बदलीच्या आणि समायोजनाच्या प्रश्नांनी त्यांचे मन व्यापून जावे, याचे आपण आश्चर्य मानतो. पण प्रतीक्षेच्या काळात ज्या एका गोष्टीसाठी सर्व काही पणाला लावले, ती मिळाल्यावर माणूस तिचे रक्षण करणारच.

इथे कोणी दाखला देईल की टिळक-आगरकरांच्या पिढीने अल्प वेतनावर शिकवले. न्यू इंग्लिश स्कूल १८८० मध्ये निघाले, डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ मध्ये. गोपाळ कृष्ण गोखल्यांसारख्या आजीव सदस्यांनी वीस वर्षांच्या सेवेची बांधिलकी पाळली. त्या त्यागाबद्दल आदर बाळगूनही त्याची रचना नीट पाहायला हवी. आजीव सदस्य हे संस्थेचे कारभारीही होते. काय शिकवायचे, कोणाला नेमायचे, पैसा कुठे खर्चायचा हे तेच ठरवत. त्यागाबरोबर अधिकार होता, आणि निर्णय घेतल्यावर दुसऱ्या दिवशी वर्गात उभे राहता येत होते. आज तरुणाकडून त्याग अपेक्षित आहे, पण अधिकार दूरच, तारीखही दिली जात नाही. शिवाय त्या पिढीतल्या सुशिक्षितांपुढे सरकारी चाकरी आणि वकिली सोडली तर फारसे व्यवसाय नव्हते. त्यागाचे मोजमाप सोडलेल्या पर्यायांवरून होते, आणि पर्यायांचे जग आता पार बदलले आहे.

हा मुद्दा स्त्रियांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालील पुण्याच्या सेवासदनापासून, म्हणजे १९०९ पासून, अध्यापन हा मध्यमवर्गीय मराठी स्त्रीला समाजमान्य असलेल्या अगदी मोजक्या व्यवसायांपैकी एक होता. परिणामी, आज ज्या मुली अभियंता, सनदी लेखापाल किंवा न्यायाधीश झाल्या असत्या त्या तेव्हा शिक्षिका झाल्या, आणि कित्येक पिढ्यांनी त्यांच्या बुद्धिमत्तेचा लाभ तुलनेने स्वस्तात घेतला. समाजाने शिक्षणाला दिलेले हे एक न नोंदलेले अनुदान होते आणि त्याची किंमत स्त्रियांनी मोजली. ते संपले हे न्याय्यच झाले. कॅरोलिन हॉक्स्बी आणि अँड्र्यू ली या अर्थतज्ज्ञांनी २००४ मध्ये अमेरिकेविषयी असे दाखवले होते की अत्यंत गुणवान स्त्रिया अध्यापनातून दूर गेल्या त्यामागे बाहेरच्या नव्या संधींइतके, किंबहुना अधिक, कारण अध्यापनाच्या आतल्या वेतनरचनेत होते; तिथे गुणवान आणि सामान्य यांच्या पगारातला फरक आक्रसला होता. तो निष्कर्ष जसाच्या तसा इकडे आणता येणार नाही. पण विचाराची दिशा उपयोगी आहे: बाहेर ओढणारे बळ थांबवता येत नाही, आतून ढकलणारे बळ मात्र आपल्या हातात असते. आपण मुलींच्या बाबतीत अजूनही ‘घर सांभाळून करता येते’ या एकाच आकर्षणावर विसंबून आहोत. पंचविशीपर्यंत नेमणुकीची खात्री नसेल तर हे आकर्षणही लग्नाच्या वाटाघाटींत टिकत नाही.

नियमांची अस्थिरता हा याच यंत्रणेचा आणखी एक भाग आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरासाठी बी.एड. ही अर्हता ग्राह्य नसल्याचे ठरवले. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने, सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत शिल्लक असलेल्या कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक केले. दोन्ही निकालांमागची भूमिका, म्हणजे मुलाला अर्हताप्राप्त शिक्षक मिळण्याचा हक्क, समर्थनीय आहे आणि तिच्याशी माझा वाद नाही. परंतु विशीतला विद्यार्थी निकालाची कारणमीमांसा वाचत नाही. तो एवढेच टिपतो की या व्यवसायात पदवी घेतल्यावर तिचे मूल्य बदलू शकते आणि वीस वर्षे शिकवल्यावरही पुन्हा परीक्षेला बसावे लागू शकते. ज्या स्थैर्यासाठी तो बाकीच्या गोष्टी सोडायला तयार होता, त्या स्थैर्याविषयीच शंका आली की हिशेबाची शेवटची बाजूही हलते.

विद्यापीठाच्या पातळीवर हे सर्व अधिक जवळून दिसते. एम.ए. किंवा एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला अध्यापनाचे आकर्षण वाटते ते बहुधा एखाद्या प्राध्यापकामुळे. आज त्याला शिकवणाऱ्यांपैकी अनेक जण तासिका तत्त्वावर आहेत: सेट किंवा नेट उत्तीर्ण, पुष्कळदा पीएच.डी., आठवड्याला मोजक्या तासिका, सुट्टीत मानधन नाही, पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत. ते मन लावून शिकवतात, त्यांच्याविषयी विद्यार्थ्यांना आदरही असतो, आणि म्हणूनच त्यांची स्थिती अधिक परिणाम करते. निकामी शिक्षकाची दुरवस्था पाहून विद्यार्थी म्हणू शकतो की मी याच्याहून बरा असेन. उत्तम शिक्षकाची दुरवस्था पाहिल्यावर त्याला तसे म्हणता येत नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये ‘स्कूलटीचर’ या ग्रंथात एक साधे निरीक्षण नोंदवले होते. वकिलाचे किंवा शल्यचिकित्सकाचे काम त्या व्यवसायात जाणाऱ्याने आधी फारसे पाहिलेले नसते. शिक्षकाचे काम मात्र प्रत्येकाने हजारो तास समोर बसून पाहिलेले असते. त्यांनी याला निरीक्षणातून होणारी उमेदवारी म्हटले, आणि त्यांचा रोख असा होता की शिकवण्याच्या जुन्या रीती तिच्यातून नकळत पुढच्या पिढीत उतरतात. मला वाटते, या उमेदवारीचा दुसरा अर्थही तितकाच महत्त्वाचा आहे. विद्यार्थी केवळ शिकवण्याची रीत पाहत नाही, तो शिक्षकाचे जगणेही पाहतो. वर्गात शिकवणे चालू असताना मोबाइलवर येणारे माहिती भरण्याचे आदेश, निवडणुकीच्या यादीचे काम, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदे ठरवण्याच्या प्रक्रियेत, पटसंख्या घटल्याने अतिरिक्त ठरण्याची धास्ती, ‘शालार्थ’ या वेतनप्रणालीतल्या अडथळ्याने रखडलेला पगार, हे सगळे मुलांच्या डोळ्यांसमोर घडते. शिक्षकभरतीची खरी जाहिरात पोर्टलवर लागण्याआधी दहा-बारा वर्षे वर्गात चालू असते. म्हणून आजच्या निर्णयांचे परिणाम आजच्या भरतीच्या आकड्यांत दिसत नाहीत. दोन लाख अर्ज आले की टंचाई कुठे आहे, असे विचारता येते.

पुढे काय होण्याचा संभव आहे, हे काही वर्षांचे गणित मांडून पाहता येईल. २००० च्या आसपास विशीच्या सुरुवातीला लागलेले शिक्षक २०३५ च्या सुमारास अठ्ठावन्न वर्षांचे होऊन निवृत्त होऊ लागतील. त्यांच्या मागे जी पिढी असायला हवी तिच्यात २०१२ ते २०१९ या काळात जवळजवळ भरतीच झालेली नाही. म्हणजे ज्या वयाचे शिक्षक साधारणपणे केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक आणि नवागतांचे अनौपचारिक मार्गदर्शक होतात, त्या वयोगटात पोकळी असेल. दरम्यान डी.एल.एड.ची (म्हणजे पूर्वीच्या डी.एड.ची) कित्येक विद्यालये विद्यार्थ्यांअभावी बंद पडली आहेत. शेतमालाच्या बाजारात भाव चढले की सगळे तेच पीक घेतात, भाव पडले की सगळेच ते सोडतात आणि पुढच्या वर्षी टंचाई होते. कांदा पिकवणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. शिक्षकांच्या बाबतीत एका हंगामाची लांबी पंधरा वर्षांची आहे, एवढाच फरक.

या अंदाजाविरुद्ध एक वजनदार आक्षेप आहे, तो लोकसंख्येचा. महाराष्ट्राचा एकूण जननदर पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ पर्यंत खाली आलेला आहे. मुले कमी होत आहेत, तेव्हा शिक्षकही कमी लागतील. हे बरोबर आहे, आणि म्हणूनच सरसकट टंचाईचे भाकीत मी करत नाही. डोकी मोजली तर शिक्षक पुरेसेही ठरतील. उणीव भासेल ती रचनेत: दुर्गम तालुक्यांत, गणित-विज्ञानात, मधल्या वयोगटात, आणि ज्यांना दुसरे पर्याय असूनही अध्यापन हवे होते अशा माणसांमध्ये. ही उणीव कोणत्याही विवरणपत्रात नोंदली जाणार नाही. भरलेले पद आणि योग्य माणसाने भरलेले पद यांत फरक दाखवणारा रकाना आपल्या संचमान्यतेत नाही.

उपाय अपरिचित नाहीत, आणि त्यांची चर्चा इथे लांबवण्याचे कारण नाही. चाचणीचे ठरलेले वार्षिक वेळापत्रक. विषय आणि तालुकावार गरजेचा पाच वर्षे आधी जाहीर केलेला अंदाज. प्रशिक्षणाच्या जागा त्या अंदाजाला बांधलेल्या. शिक्षणसेवकाला पहिल्या दिवसापासून वेतनश्रेणी, आणि तीन वर्षांच्या अखेरीस कायम करताना त्याच्या प्रत्यक्ष वर्गाचे एकाहून अधिक अनोळखी परीक्षकांनी केलेले निरीक्षण. शेवटचा उपाय मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण आत येताना वस्तुनिष्ठ परीक्षा आणि कायम होताना अध्यापनाची पारख अशी विभागणी केली तर भ्रष्टाचार आणि गुणवत्ता यांच्यातला आधी सांगितलेला पेच थोडा तरी सैल होतो. यांपैकी वेळापत्रकाला जवळजवळ पैसे लागत नाहीत. तेच सर्वांत अवघड ठरत आले आहे, कारण ठरलेली तारीख म्हणजे सरकारने दरवर्षी रिक्त पदांचा हिशेब उघड करणे होय, आणि बिंदुनामावली (आरक्षणाची पदसूची), समायोजन व न्यायालयीन स्थगिती यांच्या आडोशाने तो पुढे ढकलण्याची सोय मग उरत नाही.

२०२५ मध्ये एखाद्या जिल्हा परिषद शाळेत सातवीला असलेली मुलगी २०३६ च्या सुमारास बी.एड. होऊन बाहेर पडेल, म्हणजे २००० च्या तुकडीतले शिक्षक निवृत्त होत असतील नेमक्या त्याच वर्षांत. ती गणितात हुशार आहे असे समजा. तिला गणित शिकवणारा तरुण गेल्या वर्षी रुजू झाला. त्याला मानधन किती मिळते हे गावात सर्वांना ठाऊक आहे, आणि इथे लागण्यापूर्वी तो किती वर्षे घरी बसून होता हेही.